चौकशी करणाऱ्याचं नाव

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मी अजूनही वाचतो. निवृत्त माणसाला बातम्या लवकर संपतात, म्हणून असेल. जागा भाड्याने देणे आहे, जुने यंत्रमाग विकणे आहे, बोअर मारून मिळेल... आणि या सगळ्यांच्या मध्येच चार ओळींची एक चौकट असते. विवाहपूर्व चौकशी, पती-पत्नीवर पाळत, नोकरांची पार्श्वभूमी तपासून मिळेल, संपूर्ण गुप्तता. खाली मोबाईल नंबर. नाव कुणाचंच नाही.

आमच्या पिढीचा गुप्तहेर म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय, नाहीतर झुंजार. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यातल्या निदान शंभर तरी मी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या आहेत. (मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याने हे कबूल करायचं नसतं, पण आता कोण विचारतंय?) त्या कथांतला गुप्तहेर खुन्याच्या मागे असायचा, हिऱ्यांच्या चोराच्या मागे असायचा. जाहिरातीतला गुप्तहेर मात्र तुमच्या-आमच्या होणाऱ्या जावयाच्या मागे असतो. त्याला पिस्तूल लागत नाही. मोटारसायकल, कॅमेऱ्याचा फोन आणि तासन् तास टपरीवर बसून राहण्याची ताकद एवढं पुरतं.

या धंद्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. उलट मला तो गरजेचा वाटतो. पण चौकशी या गोष्टीचा जन्मभर अगदी जवळून संबंध आल्यामुळे काही सांगावंसं वाटतं. मास्तर म्हटला की गावाचा अर्धा चौकशी-अधिकारीच. स्थळ बघणारे पाहुणे शाळेत यायचेच.

कबनूरच्या बाजूला पूर्वी चौकशी कशी चालायची ते नव्या वाचकांना सांगतो. मुलीचा बाप किंवा मामा एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन मुलाच्या गावी एस.टी.ने उतरायचा. आधी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा. तिथे फक्त घर कुठे एवढंच विचारायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. नाव ऐकल्यावर चेहरा उघडतो की बंद होतो, यातच पहिली खबर. मग दाढीच्या निमित्ताने न्हाव्याकडे. मग किराणा दुकानात, कारण घराची उधारी किती आणि फेडायची रीत काय हे दुकानदाराइतकं कुणाला ठाऊक नसतं. बरोबर बाई असेल तर ती पिठाच्या गिरणीत, नळावर. आणि शेवटी शाळेत. ‘गुरुजी, पोरगं कसं हाय?’

मी मार्क सांगत नसे. मार्क त्यांनाही नको असायचे. कबड्डीत हरल्यावर पोरगा काय करायचा, दुसऱ्याची वही फाटली तेव्हा आपणहून पुढे आला का, आई शाळेत आली की लाजायचा का, असलं काही मी सांगायचो. पंधराव्या वर्षीचं पोरगं पंचविसाव्या वर्षी तसंच राहतं असं नाही, पण अगदी परकंही होत नाही.

आमच्या शेजारी इचलकरंजी आहे. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि तेव्हापासून सगळा व्यवहार सूत, कापड आणि उधारी या तीन गोष्टींवर चालला आहे. सूत उधार, कापड उधार. त्यामुळे समोरची पार्टी कशी आहे याची चौकशी हा इथे धंद्याचाच भाग. रात्रपाळीला रस्त्याने जाता जाता नुसत्या खडखडाटावरून आत किती माग चालू आहेत हे सांगणारे दिवाणजी मी पाहिले आहेत. बारा मागांच्या कारखान्यात सातच वाजत असतील तर त्या मालकाला सूत देताना हात आखडता घ्यायचा. मालक हात वर करायच्या महिनाभर आधी दिवाणजीला कळलेलं असायचं. त्याने कुणाच्या वहीत डोकावून पाहिलेलं नसायचं, कुणाचं कुलूप उघडलेलं नसायचं. जे रस्त्यावर ऐकू येत होतं तेच त्याने नीट ऐकलं, एवढंच.

हे सगळं फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुप्तहेरांचे प्रकार दिले आहेत ते वाचले तर गंमत वाटते. एक विद्यार्थ्याच्या रूपातला, एक संन्यास सोडलेला, एक व्यापारी, एक तापसी, आणि एक चक्क शेती बुडालेला शेतकरी. घराघरांत शिरकाव असलेली भिक्षुकी वेगळीच. म्हणजे ज्यांच्यासमोर माणसं सावध होत नाहीत असे सगळे. आपले बहिर्जी नाईक याच जातकुळीतले. पण मला त्या ग्रंथातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांकडून एकच खबर आली तरच ती खरी धरावी, आणि ज्यांच्या खबरा वारंवार जुळत नाहीत त्यांना शासन करावं किंवा कामावरून काढावं, असं तो सांगतो. आमच्याकडच्या बायकांनी कौटिल्य वाचलेला नव्हता. पण न्हावी, दुकानदार आणि मास्तर हा हिशेब तोच होता. तिघांचे स्वार्थ वेगळे, म्हणून तिघांचं एकमत झालं तर खरं.

आता लगेच कुणी ‘जुनं ते सोनं’ म्हणू नये. त्या चौकशीत खोटही पुष्कळ होती. एक तर ती बहुतेक वेळा जातीच्या आणि सोयऱ्यांच्या कुंपणातच फिरायची. दुसरं, मुलाबद्दल विचारायचे ते जमीन किती, भाऊ किती, नोकरी कायम का. मुलीबद्दल मात्र तिच्या चालण्याबोलण्यापासून तिच्या मावशीच्या सासरपर्यंत सगळं. मुलगा दारू पितो हे अर्ध्या गावाला माहीत असायचं आणि तरी कुणी सांगायचं नाही. ‘लग्न झालं की सुधारेल’ या एका वाक्याने किती मुलींचा जन्म वाया घालवला याची मोजदाद नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे भावकी. बांधावरून भांडण असलेला चुलता पुतणीच्या स्थळात मोडता घालायला टपलेला असायचा. त्यासाठी एक हत्यार होतं, निनावी पत्र. पंधरा पैशांच्या कार्डावर डाव्या हाताने लिहिलेलं, ‘मुलीला फिट येते, सावध राहा, आपला हितचिंतक.’ असं एक कार्ड आलं की बोलणी थांबायची. मुलीच्या बापाला कारण कधीच कळायचं नाही, मग खुलासा तरी कसा करणार? मास्तर म्हणून दोन-तीनदा मी असली कार्डं हातात घेतली आहेत. अक्षर ओळखणं हा आमचा धंदाच. डाव्या हाताने लिहिलं तरी वेलांटी लपत नाही.

हे निनावी कार्ड लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे येणार आहे.

आता ती जुनी रीत राहिली नाही, राहणंही शक्य नाही. मुलगा मूळचा आजऱ्याचा, शिकला पुण्यात, नोकरी बंगळूरला, फ्लॅट हिंजवडीला. त्याचा न्हावी कोण आणि किराणा दुकानदार कोण? तो किराणा मोबाईलवरून मागवतो. शेजारच्याला त्याचं नाव माहीत नाही. परदेशातलं स्थळ असलं तर बोलायलाच नको. आधीचं लग्न लपवून इथे येऊन पुन्हा बोहल्यावर चढणारे, मुलीला नेतो म्हणून सांगून विमानतळावरूनच गायब होणारे, हे प्रकार पंजाबात जास्त गाजले, पण आपल्याकडेही झाले आहेत. हातकणंगले तालुक्यातला बाप न्यू जर्सीत जाऊन नळावर उभा राहू शकत नाही. त्याने कुणाला तरी पैसे देऊन ‘हा माणूस म्हणतो तिथे नोकरीला आहे का, आधीचं लग्न आहे का, कोर्टात काही आहे का’ एवढं तपासून घेतलं तर त्यात गैर काय? मी तर म्हणतो, घ्यावंच. आणि मुलीकडची बाजू आज मुलाची चौकशी करते यात मला एक प्रकारचा न्यायही दिसतो.

महाराष्ट्रात या धंद्याचं नाव काढलं की रजनी पंडित हे नाव येतं. देशातल्या पहिल्या महिला खासगी गुप्तहेर म्हणून त्या ओळखल्या जातात. वडील पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण खात्यात. शिक्षण रुपारेल कॉलेजात, आणि तेही मराठी साहित्य घेऊन. (वाचून बरं वाटलं. मराठी घेऊन मास्तरच होता येतं असं नाही.) १९९१ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली. पण त्याच्या आधीचं त्यांचं पहिलं काम त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे ते मला फार बोलकं वाटतं. त्या कारकुनी करत असताना कचेरीतल्या एका बाईंच्या घरी चोरी झाली. घरात नुकतंच लग्न झालेलं. संशय अर्थातच नव्या सुनेवर. आपल्याकडे घरातलं काही गेलं की परक्या घरून आलेलीकडेच बोट जातं. पंडितबाईंनी त्या घरावर लक्ष ठेवलं आणि निघालं काय, तर चोर घरातलाच धाकटा मुलगा!

त्या सुनेचा विचार करा. कुणी पाळत ठेवली नसती तर जन्मभर ‘चोरटी’ हा शिक्का तिच्या कपाळी राहिला असता, आणि धाकट्याने आणखी डल्ले मारले असते. पाळत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणाचं तरी बिंग फुटणं येतं. इथे पाळतीने एका निरपराध बाईवरचा आळ उतरवला.

त्यांचीच दुसरी एक गोष्ट बहुतेकांनी वाचली असेल. एका खुनाच्या प्रकरणात, नवऱ्याचा खून करवल्याचा संशय ज्या बाईवर होता तिच्या घरी त्या मोलकरीण म्हणून सहा महिने राहिल्या. बाई आजारी पडली तेव्हा शुश्रूषा केली, विश्वास मिळवला. मग एकदा जवळच्या रेकॉर्डरचा ‘खट्’ आवाज झाला आणि बाईला संशय आला. तिने यांचं बाहेर जाणंच बंद केलं. अखेर ज्याच्याकडून खून करवला होता तो माणूस एक दिवस घरी आला. तेव्हा यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने स्वतःचा पाय कापून घेतला, पट्टी बांधून येते म्हणून बाहेर पडल्या आणि एस.टी.डी. बूथवरून फोन केला. दोघं पकडले गेले.

मला या गोष्टीत यंत्राची गंमत वाटते. सहा महिन्यांत जे मिळालं ते भांडी घासून, पाय चेपून, ऐकून मिळालं. रेकॉर्डरने काय केलं, तर घात. अमेरिकेत शिकागोला पिंकर्टनने १८५० साली खासगी गुप्तहेर संस्था काढली, आणि १८५६ साली केट वॉर्न नावाची तरुण विधवा तिथे काम मागायला गेली. पुरुष जिथे पोचत नाहीत तिथे बाई पोचते, बायका बाईशी बोलतात, असं तिचं म्हणणं होतं. पिंकर्टनने तिला ठेवून घेतलं. कौटिल्याची भिक्षुकी, शिकागोची केट आणि माहीमच्या पंडितबाई, तिघींचं भांडवल एकच.

पण याच पंडितबाईंना २०१८ च्या फेब्रुवारीत ठाणे पोलिसांनी अटक केली, हेही सांगायला हवं. आरोप असा, की लोकांच्या मोबाईलचे सीडीआर बेकायदा मिळवले. पुढे त्यांना जामीन मिळाला. आरोप हा आरोपच असतो, त्यावरून कुणाला दोषी ठरवायचा मला अधिकार नाही. त्या प्रकरणात आणखीही गुप्तहेर पकडले गेले होते. त्याआधी २०१३ साली दिल्लीत अरुण जेटलींचे असेच तपशील काढले गेले, तेव्हा पकडलेल्यांत पोलीसही होता आणि खासगी गुप्तहेरही होते. तेव्हापासून पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या पातळीवरूनच सीडीआर मागता येतो असा दंडक आहे.

सीडीआर म्हणजे काय हे माझ्या वयाच्या वाचकांसाठी: तुम्ही कुणाला फोन केलात, कुणाचा आला, किती वाजता, किती वेळ, आणि त्या वेळी तुमचा फोन कोणत्या टॉवरखाली होता, याची यादी. काय बोललात ते त्यात नसतं. म्हणून काहींना तो निरुपद्रवी वाटतो. पण आपल्याच महिन्याभराच्या फोनांची यादी समोर ठेवून बघा. दवाखान्याला केलेला फोन, वकिलाला केलेला, रात्री अकरा वाजता बहिणीशी पाऊण तास. शब्द एकही नाही, आणि घरातलं सगळं बाहेर!

आता एक प्रसंग सांगतो. गाव सांगत नाही, तपशील थोडे बदलले आहेत, आणि त्या मुलीला विचारूनच लिहितो आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. स्वतः आता बाप झालेला, थोडी शेती, चार खर्चीचे माग. मुलगी इंजिनिअर. विवाहाच्या संकेतस्थळावरून पुण्याचं स्थळ आलं, मुलामुलीची पसंती झाली, सुपारी फुटायची बाकी. कुणीतरी सल्ला दिला म्हणून याने पुण्यातल्या एका संस्थेला मुलाची चौकशी करायला सांगितलं. एका चांगल्या दुभत्या गाईची किंमत मोजली. अहवाल आला तो घेऊन माझ्याकडे आला. पातळ फाईल, रंगीत फोटो.

मी चष्मा लावून सगळं वाचलं. नोकरी सांगितली तीच, पगार सांगितला त्याच्या आसपास, फ्लॅटचं कर्ज नियमित, आधीचं लग्न नाही. मला वाटलं, झालं की! पण शेवटची दोन पानं: ‘लक्ष्य व्यक्ती दर गुरुवारी सायंकाळी एका शाळेच्या इमारतीत जाते. तेथे आठ-दहा स्त्री-पुरुष जमतात. सुमारे सव्वा तासाने बाहेर येते. त्यानंतर एका मध्यमवयीन स्त्रीशी टपरीवर दीर्घकाळ संभाषण करते.’ चार फोटो. एकात ती बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवते आहे. अहवालात निष्कर्ष काहीच नव्हता. पण फोटो असे लावले होते की बापाने निष्कर्ष काढावा. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, या माहितीच्या सत्यतेची जबाबदारी संस्थेवर नाही.

“गुरुजी, ते म्हणत्यात आणखी पैसे दिले तर फोनची यादी काढून देतो. काढू का?”

मी म्हटलं, “ते बेकायदा आहे. आणि त्याच्या आधी तू त्याला विचारलंस का?”

“असं कसं विचारायचं? पाहुण्यांना काय वाटंल?”

हे वाक्य मला अजून आठवतं. गाय विकून चोरून बघायला माणूस तयार होतो, पण समोर बसून एक प्रश्न विचारायला त्याला संकोच वाटतो. त्याला मी दोष देत नाही. मुलीच्या बापाने प्रश्न विचारायचा नसतो हे आपण पिढ्यान् पिढ्या त्याच्या डोक्यात भरलं आहे. पैसे घेणाऱ्या परक्याला मात्र तो काहीही विचारू शकतो.

शेवटी प्रश्न मुलीने विचारला. सरळ फोन केला आणि म्हणाली, “तुम्ही गुरुवारी कुठे जाता?” तो दोन मिनिटं बोललाच नाही. मग म्हणाला, “भेटून सांगतो.” भेटला तेव्हा सांगितलं, की कॉलेज संपता संपता दारू लागली होती, पार वाया गेलो होतो. सुटून चार वर्षं झाली. गुरुवारी व्यसनमुक्तीच्या गटाची बैठक असते. त्या बाई त्याच्या आधी कितीतरी वर्षं दारूतून बाहेर पडलेल्या आणि नव्यांना धीर देणाऱ्या. लग्न ठरवताना हे सांगायचं होतं, जीभ रेटली नाही.

म्हणजे अहवाल खोटा होता का? एकही शब्द खोटा नव्हता. वार बरोबर, वेळ बरोबर, फोटो बरोबर. आणि त्यावरून बापाने जो अर्थ लावला तो संपूर्ण चूक. खबर आणि समज यांत एवढं अंतर पडतं. अनुभवी गुप्तहेर असता तर तो त्या शाळेत शिरला असता, शिपायाला चहा पाजून ‘कसली मीटिंग असते हो?’ एवढं विचारलं असतं. पण लांबून फोटो काढणं स्वस्त पडतं, आणि गिऱ्हाइकाला फोटो दिसले की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. मुलाने एवढी मोठी गोष्ट लपवली होती हे खरंच. पाळत ठेवली नसती तर मुलीला लग्नानंतर कळलं असतं. तेव्हा चौकशीने तिचं भलं झालं की नाही? झालं, असंच मला वाटतं. फक्त ते भलं फोटोने केलेलं नाही. फोटोने संशय दिला. उत्तर तिच्या प्रश्नाने आणि त्याच्या जिभेने दिलं. फोनची यादी काढली असती तर त्यात त्या बाईंचे दहा-वीस फोन दिसले असते, रात्री-बेरात्रीचेसुद्धा, कारण तलफ काही वेळ बघून येत नाही. आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. लग्न झालं का, हे पुष्कळ जण विचारतील. तिने सहा महिन्यांची मुदत मागून घेतली आणि नंतर काय ठरवलं ते इथे लिहायचं नाही, असं तिनेच सांगितलं आहे.

या धंद्याला कायद्याची चौकट काय? गमतीची गोष्ट आहे. सोसायटीच्या फाटकावर रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला २००५ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. पण त्याच सोसायटीत कोण कधी येतं-जातं याची गुपचूप नोंद ठेवणाऱ्या गुप्तहेराला मात्र असा वेगळा परवाना लागत नाही. २००७ साली राज्यसभेत खासगी गुप्तहेर संस्थांसाठी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. म्हणजे कुणीही उठावं, दुकान काढायला लागतात तेवढे कागद करावेत आणि पाटी लावावी. चांगली, प्रामाणिक माणसं या धंद्यात आहेत. त्यांचंच यात नुकसान आहे, कारण गिऱ्हाइकाला खरा आणि खोटा ओळखायचं साधन नाही.

बाकी कायदे मात्र आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुरुषाने स्त्रीचा तिची इच्छा नसताना पिच्छा पुरवणं, तिच्या इंटरनेट-ईमेलवर नजर ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. गुन्हा शोधण्याचं काम सरकारने सोपवलं असेल तर त्यात सूट आहे. पण खासगी गुप्तहेरावर सरकारने काही सोपवलेलं नसतं, त्याच्यावर गिऱ्हाइकाने सोपवलेलं असतं.

आणि जुलै २०२५ मध्ये एक निकाल आला त्यावर आमच्या कट्ट्यावर पुष्कळ वाद झाला. नवऱ्याने बायकोचं बोलणं तिच्या नकळत रेकॉर्ड केलं होतं, ते घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल का? पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ साली नाही म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चालेल म्हटलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायच्या थराला गेले असतील तर ते नातं आधीच मोडलेलं आहे. पाळत हा रोग नव्हे, रोगाचं लक्षण आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. छळ बंद दाराआड होतो, तिथे बाईला दुसरा पुरावा कुठून मिळणार? पण मला भीती वेगळीच वाटते. मोडलेल्या घरांसाठी दिलेला निकाल धडधाकट घरांतले संशयी लोकही वाचतात. ‘कोर्टात चालतं’ एवढं ऐकलं की उद्या लागेल म्हणून आजच रेकॉर्ड करून ठेवणारे निघतील. निघालेही असतील. फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे.

आता त्या निनावी कार्डाकडे येतो. जुनी चौकशी कितीही पक्षपाती असली तरी तिच्यात एक गोष्ट होती. चौकशीला आलेल्या माणसाला तोंड होतं. तो आपलं नाव-गाव सांगायचा, कुणाकडून आलो ते सांगायचा. संध्याकाळपर्यंत मुलाच्या घरी कळलेलं असायचं, की अमुक गावचे पाहुणे चौकशी करून गेले. सांगणाऱ्यालाही जबाबदारी होती. मी मास्तर म्हणून चुकीचं सांगितलं असतं तर उद्या तो मुलगा, त्याचा बाप रस्त्यात भेटणारच होते. या सगळ्याच्या बाहेर होतं ते फक्त निनावी कार्ड. विचारणारा दिसत नाही, सांगणारा दिसत नाही, आणि ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याला खुलासा करायची सोय नाही. आजचा ‘संपूर्ण गुप्तता’वाला अहवाल त्या कार्डाच्या जवळचा आहे. कागद गुळगुळीत आणि फोटो रंगीत, एवढाच फरक.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींपुरतं आहे. परवाना हवा, आणि अहवालाखाली जबाबदार माणसाची सही हवी. बारीक अक्षरात हात झटकायची मुभा नको. आणि लग्नाच्या बाबतीत तरी, कागदोपत्री तपासता येतं ते सगळं खुशाल तपासा, पण फोटोवरून काही ठरवायच्या आधी तो फोटो ज्याचा आहे त्याला दाखवा. हे दुसरं कायद्याने होणार नाही. ते बापानेच, किंवा त्याहून बरं म्हणजे मुलीनेच करायचं आहे.

अजूनही मला अधूनमधून फोन येतात. तुमच्या शाळेत अमुक एक मुलगा होता का, घरचे कसे होते, काही भानगड? आवाज गोड असतो, मराठी शहरी. मी आधी विचारतो, तुमचं नाव काय, गाव कुठलं, चौकशी कुणासाठी? निम्मे तिथेच फोन ठेवतात. उरलेल्यांशी मी बोलतो. गेल्या महिन्यात एका मुलीची मावशी होती, गडहिंग्लजची. मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला नव्हता, त्याचा बाप होता. बापाबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आणि मुलाचा नंबर मिळवून त्यालाच विचारा म्हटलं. बाई म्हणाल्या, “विचारलंय की! तो सांगतोय ते खरं का, एवढंच बघतेय.”